फुली कोणाच्या हातात?

पोहरादेवीला जगदंबा मातेच्या आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला माणसं वर्षभर येतात. रामनवमीला तर पाय ठेवायला जागा नसते. तिथे रस्त्याला लागून माझ्या एका मित्राचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नेहमीचं पाठबळ संपलं, तेव्हा त्याच्याकडचे दोन जुने कॉम्प्युटर विंडोज ११च्या अटींत बसत नव्हते. नवे घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते, म्हणून मी एकावर लिनक्स मिंट आणि दुसऱ्यावर उबुंटू टाकून दिलं.

काही आठवड्यांनी गेलो तेव्हा बाकड्यावर फेटिया-कांचळीतल्या एक म्हाताऱ्या आजी रेशनकार्ड हातात धरून बसल्या होत्या. मित्र त्यांना ‘याडी, थांब थोडं’ म्हणत होता आणि स्क्रीनकडे बघून घामाघूम झाला होता. कार्ड चुकून भलत्याच मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन झालं होतं आणि फोटो लहान करायचा प्रोग्राम हँग होऊन पडला होता. ‘भाऊ, फुली दाबून राहिलो, पण बंदच नाही होऊन राहिलं. बाजूला बी सरकत नाही.’ ज्या फॉर्ममध्ये फोटो टाकायचा तो या अडेल विंडोच्या मागे होता. मी कीबोर्डवरची विंडोजच्या चिन्हाची की दाबून धरली आणि माउसने विंडो ओढली. ती मुकाट सरकली. मित्राने क्षणभर बघितलं आणि विचारलं, ‘मग वरून धरलं तर का नाही सरकत?’

विंडोची वरची पट्टी, तिच्यावरचं नाव, कोपऱ्यातली फुली, भोवतीची कड आणि सावली हे सगळं कोणी काढायचं, आत चाललेल्या प्रोग्रामने की सगळ्या विंडो पडद्यावर मांडणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरने, यावर लिनक्सच्या जगात दहा-बारा वर्षं चाललेला वाद मित्राच्या या एका प्रश्नात आहे. त्याच्या उबुंटूवर ती पट्टी त्या प्रोग्रामनेच काढली होती. प्रोग्राम झोपला तशी पट्टीही झोपली. फुलीवरचं क्लिक ज्याच्या दारात जाऊन पडत होतं तो दार उघडायच्या अवस्थेतच नव्हता. की दाबून ओढल्यावर मात्र हुकूम थेट डिस्प्ले सर्व्हरकडे गेला आणि त्याने विंडो उचलून बाजूला ठेवली. शेजारच्या मिंटवर साध्या पट्टीचा प्रोग्राम अडकला असता तर त्याची पट्टी काढणारा दुसराच कोणी असता. विंडो वरून धरून सरकवता आली असती, आणि फुली दाबून उत्तर आलं नाही तर ‘हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही, जबरदस्तीने बंद करू का?’ असं त्याने विचारलंही असतं.

कोणाच्या आवडीनिवडीचा हा प्रश्न आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता मला तो जबाबदारीचा वाटतो. तो उभा कसा राहिला, हे आधी पाहू.

एक्स विंडो सिस्टीमची सुरुवात १९८४मध्ये एमआयटीत झाली, बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांच्या हातून. आजही वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, सप्टेंबर १९८७ची. तिच्या मुळाशी एक ठाम तत्त्व होतं: सर्व्हरने साधनं पुरवायची, ती कशी वापरायची ते ठरवायचं नाही. म्हणून एक्स सर्व्हर स्वतः चौकट काढतच नाही. ते काम विंडो मॅनेजर नावाचा एक वेगळा प्रोग्राम करतो. प्रोग्रामने नवी विंडो मागितली की मॅनेजर मध्ये हात घालतो, स्वतःची थोडी मोठी विंडो तयार करतो, मूळ विंडो तिच्या पोटात बसवतो आणि उरलेल्या कडेवर नाव आणि बटणं रंगवतो. म्हणजे त्या काळात पक्ष तीन होते, आणि चौकट तिसऱ्याच्या ताब्यात होती. वादाच्या ओघात ही गोष्ट विसरली जाते. ‘सर्व्हरने चौकट काढावी’ असं म्हणणाऱ्यांना पूर्वीचं जे हवं असतं ते सर्व्हरने कधी केलेलं नव्हतं, मॅनेजरने केलेलं होतं.

प्रोग्रामला मॅनेजरची चौकट नको असेल तर ‘मला नको’ अशी खूण करायची सोयही होती. मोटिफच्या काळातली ती खूण आजही चालते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाणी वाजवणारे प्रोग्राम तिचा उपयोग करून आपापली रंगीत कातडी पांघरून यायचे. मग क्रोम आलं आणि त्याने टॅब थेट वरच्या पट्टीत नेऊन बसवले. तोवर हे अपवाद होते. सप्टेंबर २०१३मध्ये बटणं, मेनू, विंडो पुरवणाऱ्या जीटीके या लायब्ररीच्या ३.१० आवृत्तीसोबत ‘हेडरबार’ आला आणि नोमच्या, म्हणजे उबुंटूवर दिसतो त्या डेस्कटॉपच्या, प्रोग्रामांसाठी अपवादाचा नियम झाला. नाव, परत जायचा बाण, शोधाचं बटण, मेनू आणि फुली एकाच पट्टीत आले, आणि ती पट्टी संपूर्ण प्रोग्रामच्या मालकीची झाली.

नोमवाल्यांची बाजू मला मनापासून पटते त्या ठिकाणी आधी थांबतो. मित्राच्या दोन्ही कॉम्प्युटरचे पडदे १३६६ बाय ७६८चे आहेत. आपल्याकडच्या सायबर कॅफेत, शाळांत आणि अभ्यासिकांत वर्षानुवर्षं हाच आकार दिसत आला. उंचीचे ७६८ ठिपके म्हणजे जागेची चणचण. त्यातून खालची पट्टी वजा करायची, मग विंडोची वरची पट्टी, मग मेनूची ओळ, मग बटणांची ओळ. या तीन मिळून नव्वदच्या आसपास ठिपके सहज खातात. हेडरबार तेच काम सुमारे ४६ ठिपक्यांत करतो. त्यात देवनागरीची ओळ रोमनपेक्षा उंचीला जास्त जागा मागते, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार. सातबारा वाचणाऱ्या माणसाला अशा वेळी एक जास्तीची ओळ दिसली तर त्याचं मोल आहे. दुसरी गोष्ट कारागिराच्या हौसेची. बाकड्यावरच्या आजींच्या कांचळीवर आरसे होते, कवड्या होत्या, टाक्यांची ओळ कडेपर्यंत गेली होती. ते भरतकाम अंगात घालणारीच्या घरातलं असतं, त्याची कड बाजारातून विकत आणून लावत नाहीत. आपल्या प्रोग्रामची कडही आतल्या कामाशी जुळणारी असावी असं तो लिहिणाऱ्याला वाटलं, तर त्या वाटण्याचा मला आदर आहे.

एक्सची जागा घ्यायला निघालेलं वेलँड २००८मध्ये क्रिस्टियन होग्सबर्गने सुरू केलं आणि त्याची १.० आवृत्ती २०१२मध्ये आली. त्याने एक्समधले तीन पक्ष दोनवर आणले. सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि सगळ्या विंडो एकत्र जोडून अंतिम चित्र बनवणारा कंपोझिटर हे तिघं एकाच प्रोग्रामात विलीन झाले. मग चौकट काढायचं मॅनेजरचं जुनं काम कोणाच्या वाट्याला गेलं? वेलँडच्या मूळ रचनेत ते प्रोग्रामवरच धरलेलं होतं, आणि त्यामागची कारणं केवळ सोयीची नव्हती. विंडोचा कोपरा धरून ओढताना एक्समध्ये काय व्हायचं ते आठवा. मॅनेजरने चौकट ८०० ठिपके रुंद करून टाकलेली असायची, आतला प्रोग्राम अजून ७८०वरच रेंगाळत असायचा, आणि मधल्या वीस ठिपक्यांत काळी किंवा करडी पट्टी लवलवायची. दोन वेगळे चित्रकार एकाच चित्रावर काम करत असले की असं होणारच. वेलँडचा आग्रह असा की पडद्यावर जाणारं प्रत्येक चित्र पूर्ण असावं, अर्धवट काहीही दिसू नये. चौकट आणि मजकूर एकाच हाताने एकाच कागदावर काढले की हा प्रश्न उरत नाही. विंडो तिरकी केली, फिरवली, तरी दोन तुकड्यांमधली फट दिसत नाही. सावलीसुद्धा प्रोग्रामच काढतो आणि ‘माझी खरी कड इथपासून इथपर्यंत आहे, बाकी सावली समजा’ असं सर्व्हरला कळवतो.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या लोकांनी हे कधी मान्य केलं नाही. त्यांचा विंडो मॅनेजर, केविन, वेलँडवर आला तेव्हा त्यांनी स्वतःचा एक छोटा करार तयार केला, ज्यात प्रोग्राम आणि सर्व्हर चौकटीबद्दल आपसांत बोलू शकतील. त्याच धर्तीवर २०१८मध्ये ‘एक्सडीजी डेकोरेशन’ नावाचा सर्वांसाठीचा करार आला. त्यातली भाषा साधी आहे. प्रोग्राम म्हणतो, मला सर्व्हरची चौकट आवडेल, किंवा मी माझी काढीन. सर्व्हर ऐकून घेतो आणि शेवटी काय ते सांगतो. निर्णय सर्व्हरचा, आणि प्रोग्रामने तो पाळायचा. केविनने तो स्वीकारला, स्वेने स्वीकारला, इतरही बऱ्याच कंपोझिटरांनी स्वीकारला. पण करार ऐच्छिक आहे. नोमचा कंपोझिटर मटर त्या कराराची भाषा बोलत नाही. तिथे प्रोग्रामला विचारायला कोणी भेटतच नाही, त्यामुळे त्याने आपली चौकट आपण काढायची.

जीटीके किंवा क्यूटी वापरून लिहिलेल्या प्रोग्रामांना याची झळ फारशी लागत नाही, कारण चौकट त्यांच्यासाठी ती लायब्ररीच काढते. झळ लागते ती लहान माणसांना. समजा दिग्रसच्या किंवा मानोऱ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या पोराने सी भाषेत दोनशे ओळींचा खेळ लिहिला. त्याला पडद्यावर एक चौकोन हवा आहे, आत चेंडू उडवायचा आहे. विंडो उघडायला तो जीएलएफडब्ल्यूसारखी हलकी लायब्ररी घेतो. केडीईवर त्याच्या चौकोनाला नाव आणि फुली आपोआप मिळते. नोमवर जुन्या जीएलएफडब्ल्यूने त्याला भोवती नुसत्या बोडक्या कडा दिल्या असत्या. नाव नाही, फुली नाही. एमपीव्हीसारखा व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम तिथे पट्टीविनाच उघडतो आणि बटणं स्वतःच्या नियंत्रणांत दाखवून वेळ निभावतो. ही गैरसोय इतकी वाढली की ‘लिबडेकोर’ नावाची एक मधली लायब्ररी लिहावी लागली. ज्याला स्वतः चौकट काढता येत नाही त्याच्यासाठी ती प्रोग्रामच्या पोटात बसून चौकट काढते. एसडीएलने ती घेतली, ब्लेंडरने घेतली, जीएलएफडब्ल्यूच्या फेब्रुवारी २०२४च्या ३.४ आवृत्तीत तीही सोय आली. दुखणं सोसण्यासारखं झालं, पण एका ठिकाणी व्हायचं काम शेकडो प्रोग्रामांच्या पोटात वाटलं गेलं ते वाटलेलंच राहिलं. लायब्ररीत एखादी चूक सापडली की दुरुस्ती किती ठिकाणी पोचली ते कोण बघणार?

विंडोज आणि मॅकवर हे भांडण का नाही, असं मित्राने मला विचारलं होतं. उत्तर थोडं अनपेक्षित आहे. मॅकवर वरची पट्टी ॲपकिट ही ॲपलची लायब्ररी प्रत्येक प्रोग्रामच्या आतच काढते, म्हणजे तांत्रिक अर्थाने तिथे प्रोग्रामच चौकट काढतो. भांडण होत नाही कारण जवळजवळ सगळे एकच लायब्ररी वापरतात. विंडोजवरही चौकटीची चित्रकला प्रोग्रामला हवी तर स्वतःकडे घेता येते, पण न घेतल्यास प्रणाली ती करून देते, आणि बहुसंख्य प्रोग्राम हात लावत नाहीत. तिथली खरी शिकवण मला दुसरीच वाटते. एखादा प्रोग्राम पाच सेकंद संदेशांना उत्तर देईनासा झाला की विंडोज त्याच्या जागी त्याचीच हुबेहूब प्रतिमा असलेली स्वतःची विंडो आणून ठेवतं आणि नावापुढे ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहितं. ती विंडो सरकते, लहान होते, बंद होते. चौकट रोज कोणीही काढो, प्रोग्राम आजारी पडला की ताबा प्रणालीने घ्यायचा, अशी व्यवस्था तिथे आधीच लावून ठेवलेली आहे.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने या प्रश्नाची जी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि इंग्रजीतून होणाऱ्या चर्चेत सहसा येत नाही, तिच्याकडे येतो. वरच्या पट्टीवर नाव लिहायचं असतं. कोणत्या लिपीत?

एक्सच्या जुन्या नियमात विंडोचं नाव मुळात युरोपी अक्षरांसाठी आखलेल्या साच्यात ठेवलं जायचं. पुढे फ्रीडेस्कटॉपच्या नियमावलीने युनिकोडमधल्या नावासाठी वेगळी जागा करून दिली. पण युनिकोड साठवणं वेगळं आणि देवनागरी लिहिणं वेगळं. मित्राच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे, ‘शेतकऱ्यांची यादी’. त्यातला ‘ऱ्या’ मेमरीत ऱ, हलंत, य, काना असा सुटा सुटा पडलेला असतो. त्यातून आडवा अर्धा र आणि त्याला जोडलेला य बनवायचं काम फाँटमधले नियम आणि हार्फबझसारखं शेपिंग इंजिन मिळून करतात. हे इंजिन न वापरता अक्षरामागे अक्षर ओळीने ठेवत गेलं तर नुक्त्याचा ऱ, मग पाय मोडल्याची खूण, मग य अशी मोडतोड दिसते. ‘किसान’ लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी मेमरीत क च्या नंतर असल्यामुळे ती क च्या मागे उमटते आणि पुढच्या स ला जाऊन चिकटते. ‘ॲप’ मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचा फाँट असेल तर त्या जागी रिकामा चौकोन येतो.

केविन नाव लिहितो क्यूटीमार्फत, मटर आणि मिंटचा मफिन पँगोमार्फत. या दोन्ही वाटांवर हार्फबझ आहे, म्हणून मिंटवर ‘शेतकऱ्यांची यादी’ नीट दिसते. जीटीकेच्या हेडरबारवरही नीट दिसते. पण प्रत्येक प्रोग्रामने चौकट काढायची म्हटल्यावर नाव लिहिण्याचं कामही प्रत्येकाकडे गेलं, आणि लहान लायब्ररीला पँगोसारखं वजन पोटात घ्यायचं नसतं. मी एका संध्याकाळी दुकानात बसून चाचणी घेतली. एका हलक्या लायब्ररीवर लिहिलेला दहा-बारा ओळींचा प्रोग्राम, नाव ‘शेतकऱ्यांची यादी’. मिंटवर पट्टी मफिनने काढली, नाव स्वच्छ उमटलं. उबुंटूवर तीच विंडो लायब्ररीने स्वतःच्या हाताने सजवली आणि नावाच्या जागी चौकोनांची रांग आली. प्रोग्राम तोच, फाँट दोन्ही यंत्रांवर तेच. लिहिणारा हात तेवढा बदलला होता.

हा प्रश्न मराठीने एकदा सोडवलेला आहे, आणि तोही महाराष्ट्रात. सी-डॅकची स्थापना पुण्यात १९८८ला झाली. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेलं जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकने घरोघर नाही तरी कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचवलं. जिस्ट कार्ड हा कॉम्प्युटरच्या आत बसवायचा एक तक्ता होता. डॉसवर चालणारे डीबेस, लोटस, वर्डस्टार हे प्रोग्राम परदेशात लिहिलेले, त्यांना देवनागरी नावाची लिपी असते हेही ठाऊक नव्हतं. ते आपले अक्षरांचे संकेतांक पडद्याकडे पाठवत राहायचे. मध्ये बसलेलं कार्ड ते संकेतांक वाचून जोडाक्षरं जुळवायचं, वेलांटी जागेवर न्यायचं आणि पडद्यावर मराठी उमटवायचं. प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नव्हती. संकेतांकांचं इस्की हे मानक पुढे १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. लिपी सांभाळायची जबाबदारी प्रोग्रामने घ्यायची की पडद्याच्या बाजूने, या प्रश्नाला त्या कार्डाचं उत्तर होतं: पडद्याच्या बाजूने, एकदाच, नीट.

मग विंडोजचा पहिला काळ आला आणि ते उत्तर हातचं सुटलं. देवनागरीच्या आकारांना इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले फाँट आले, प्रत्येक घराण्याची बसवण्याची पद्धत निराळी. एकाकडे टाइप केलेला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की कखगच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. डीटीपीच्या दुकानात ज्यांनी लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवले त्यांना हा त्रास कंठस्थ आहे. त्या काळातल्या कितीतरी फायली आज वाचायच्या म्हणजे आधी फाँट कोणता होता ते शोधावं लागतं. विंडोज २०००मध्ये मंगल फाँट आणि युनिस्क्राइब हे शेपिंग इंजिन आलं, लिनक्सवर पँगो आणि पुढे हार्फबझ आलं, पुण्यात रेड हॅटच्या कचेरीतल्या भाषांच्या गटाने लोहित फाँट सांभाळले, आणि काम पुन्हा एका जागी जमा झालं. ते जमा व्हायला पंधरा वर्षं लागली. वरच्या पट्टीचं काम प्रोग्रामा-प्रोग्रामांत वाटून टाकताना आपण त्या पट्टीपुरतं तेच पुन्हा विस्कटतो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. इंग्रजीत काम करणाऱ्याला यात काही बिघडलेलं दिसतच नाही. त्याचं नाव कोणत्याही हाताने लिहिलं तरी वाचता येतं.

विश्वासाचाही एक प्रश्न आहे, आणि तो दुकानात बसून फार जवळून दिसतो. तिथे येणारी माणसं ओटीपी सांगतात, आधारकार्ड देतात, पडद्यावर जे दिसेल ते खरं मानतात. प्रोग्रामला स्वतःची चौकट काढू दिली म्हणजे त्याला स्वतःचं नाव स्वतः लिहू दिलं. बँकेच्या विंडोसारखी दिसणारी विंडो कोणीही रंगवू शकतो, आणि वेब पानाच्या आत खोट्या पट्टीसह खोटी विंडो रंगवून पासवर्ड काढून घेण्याचे प्रकारही झालेले आहेत. क्यूब्स ओएस या सुरक्षेसाठी बनवलेल्या प्रणालीने, जिची १.० आवृत्ती २०१२मध्ये आली, याचं सरळ उत्तर दिलं आहे. तिथे बँकेचं काम एका कोंडवाड्यात, अनोळखी फायली दुसऱ्यात, आणि प्रत्येक कोंडवाड्याच्या विंडोला ठरलेल्या रंगाची कड. ती कड आतला प्रोग्राम काढत नाही, त्याला ती पुसताही येत नाही. ती काढतो सगळ्यांत आतला, विश्वासाचा भाग. गावातल्या घरांसारखंच आहे हे. दारावर नावाची पाटी घरमालक लावतो, संगमरवराची लावो की खडूने लिहो. घर क्रमांक मात्र ग्रामपंचायत टाकते, आणि कर, नळ, मतदारयादी सगळं त्या क्रमांकावर चालतं. घरमालकाने मनाने क्रमांक बदलला तर तो ग्राह्य धरत नाहीत.

यावरून माझं मत बनलं आहे ते असं. पट्टीत टॅब बसवणं, शोधाची जागा देणं, रंग जुळवणं हे ज्या प्रोग्रामला करायचं आहे त्याला करू द्यावं, त्याची कारणं चांगली आहेत. पण प्रोग्राम मेला असताना किंवा खोटं बोलत असताना जे चाललंच पाहिजे, म्हणजे बंद करणं, सरकवणं, आणि ही विंडो कोणाची आहे ते सांगणं, तेवढं डिस्प्ले सर्व्हरच्या हातात असलंच पाहिजे. आणि ज्या प्रोग्रामला चौकटीत काही विशेष करायचं नाही त्याने मागितली तर सर्व्हरने ती दिली पाहिजे. २०१८चा करार यासाठीच वाट करून देतो. तो स्वीकारायला नकार देणं मला चूक वाटतं.

नकार देणाऱ्यांची अडचण खोटी नाही. कंपोझिटर हा सगळ्या पडद्याचा कणा. तो कोसळला की सगळं कोसळतं. त्याच्यात बटणं, थीम, फाँट, मेनू असा पसारा भरायचा नाही, हा विचार शहाणपणाचा आहे. वापरणाऱ्यांचीही टोकं आहेत. हेडरबार न आवडलेल्या लिनक्स मिंटने २०१६पासून जुन्या पट्टीचे स्वतःचे एक्सॲप्स सुरू केले, आणि जुलै २०२४च्या मिंट २२मध्ये नोमचे काही प्रोग्राम मुद्दाम आधीच्या आवृत्तींवर ठेवले. एक्सएफसीईने ४.१६मध्ये आपल्या संवादखिडक्यांना प्रोग्रामची चौकट दिली, तक्रारी आल्या, आणि ४.१८मध्ये ती बंद करायची सोय दिली. दोन्हीकडे माणसं मन लावून काम करणारी आहेत.

पण पसाऱ्याच्या अडचणीवरचा उपाय मटरमध्येच सापडतो. एक्सच्या जमान्यातले जुने प्रोग्राम वेलँडवर चालवायची सोय आजही ठेवलेली आहे, आणि त्या प्रोग्रामांना चौकट लागतेच, कारण त्यांना ती स्वतः काढायची सवय नाही. मार्च २०२३च्या नोम ४४पासून मटर ती चौकट स्वतः न काढता शेजारी चालणाऱ्या एका छोट्या, वेगळ्या प्रोग्रामकडून काढून घेतो. तो कोसळला तरी कंपोझिटर उभा राहतो. नाव तो जीटीके ४ने लिहितो, म्हणजे मराठी शुद्ध उमटतं. म्हणजे नोम आजही चौकटी काढतो आहे, जुन्या पाहुण्यांसाठी, पंक्तीपासून वेगळ्या मांडलेल्या चुलीवर. त्याच चुलीवरून वेलँडच्या पाहुण्यांनाही वाढावं एवढंच मागणं आहे. एक्समधला तिसरा पक्ष, विंडो मॅनेजर, आपण काढून टाकला होता. तो या लहान रूपात परत आलेला आहे, त्याला पूर्ण काम द्यावं.

हे तातडीचं आहे, कारण परतीच्या वाटा बंद होत चालल्या आहेत. केडीईच्या प्लाझ्मा ६ने फेब्रुवारी २०२४मध्ये वेलँड हीच नेहमीची वाट केली. नोम ४९ने सप्टेंबर २०२५मध्ये एक्सवरचं सत्र मूळ मांडणीतून बंद ठेवलं, आणि ऑक्टोबरात आलेल्या उबुंटू २५.१०मधून ते गेलं. मिंटमध्ये वेलँड अजून प्रयोगापुरतं आहे. मित्राच्या दुकानातल्या दोन यंत्रांत आज दिसणारा फरक पुढच्या काही वर्षांत मावळेल, आणि मावळताना कोणत्या बाजूला मावळेल ते आत्ता ठरतं आहे.

आजींचा फोटो त्या दिवशी मिंटच्या यंत्रावर लहान करून फॉर्ममध्ये चढवला. पावती घेऊन त्या समाधीकडे गेल्या. मित्राने उबुंटूच्या पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवला आहे. त्यावर त्याने आपल्या हाताने लिहिलंय: ‘अडकलं तर खिडकीचं चिन्ह असलेली की दाबून धरा, मग ओढा.’ खाली पेन्सिलीने बटणाचं चित्रही काढलंय.